ओरॅकल आणि पोस्टग्रेस नेटवर्क स्टोरेजवर नेताना लिनक्सच्या बाजूने काय सांभाळावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओरॅकल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस आज लिनक्स सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर चालतात. जागा संपत आली आहे, आणि एखादे मशीन बंद पडले तर दुसऱ्या मशीनवर डेटाबेस लवकर उभा करता येत नाही. म्हणून सगळा डेटा एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली वापरू देणाऱ्या पद्धतीने) जोडलेल्या सामाईक स्टोरेजवर न्यावा का, नेला तर वेग टिकेल का, आणि लिनक्सवर कोणती सेटिंग्ज करावी लागतील, हे तुम्हाला हवे आहे.

माझे उत्तर आहे: न्यावा. ओरॅकल एनएफएसवर चालवण्याची पद्धत जुनी आणि रुळलेली आहे, आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातही एनएफएसला मनाई नाही. तिथे ठाम अट एकच घातलेली आहे, ती हार्ड माउंटची, म्हणजे स्टोरेज लिनक्सला जोडण्याच्या एका प्रकाराची; तो पुढे समजावतो. मात्र तुम्ही वेगाचा विचार आधी केला आहे आणि मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवणार आहे. डिस्क मशीनमधून बाहेर पडून नेटवर्कच्या पलीकडे गेली की दोन गोष्टी बदलतात. ‘लिहिले’ असे डेटाबेसला कळवले गेले तेव्हा ते खरोखर कायमस्वरूपी लिहिले गेले होते का, हा पहिला मुद्दा. आणि मधला दुवा तुटला तर लिनक्स डेटाबेसला काय सांगते, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे पक्की असतील तर वेग पुढे कधीही सुधारता येतो. ती पक्की नसतील, तर वेगवान यंत्रणेवर डेटा खराब होतो आणि ते अनेक आठवड्यांनी, एखादा जुना ब्लॉक वाचताना उघडकीस येते.

माउंटच्या पर्यायांपासून सुरुवात करतो. ‘सॉफ्ट’ माउंटमध्ये स्टोरेजकडून ठरावीक वेळेत उत्तर आले नाही तर लिनक्स काही वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि मग वाचन-लेखनाची चूक झाल्याचे डेटाबेसला कळवून मोकळे होते. ‘हार्ड’ माउंटमध्ये ते थांबते आणि स्टोरेज परत येईपर्यंत प्रयत्न करत राहते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची ओळ येते आणि दुवा जुळला की सर्व्हर ठीक असल्याची दुसरी ओळ येते. पहिल्या नजरेला सॉफ्ट बरे वाटते, कारण प्रक्रिया लटकत नाहीत. डेटाबेससाठी मात्र लटकणे हीच सुरक्षित अवस्था आहे. नेटवर्क स्विच दोन मिनिटे बंद राहिला तर हार्ड माउंटवरचा डेटाबेस दोन मिनिटे गोठतो आणि जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. सॉफ्ट माउंटवर त्याच दोन मिनिटांत काही लेखने पोहोचलेली असतात, काही अर्धवट राहिलेली असतात आणि काही चुकीच्या नोंदीसह परतलेली असतात. फाइलशी थेट न बोलता कॅशमधून लिहिणाऱ्या डेटाबेसला नेमके कोणते लेखन पडले हे पुष्कळदा कळतही नाही.

त्यामुळे दोन्ही डेटाबेससाठी हार्ड माउंट, टीसीपी, आणि ‘टाइमिओ’ला, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याच्या मुदतीला, ६०० हे मूल्य द्या. हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जातो, म्हणजे प्रत्यक्षात तो ६० सेकंदांचा असतो. तो ६०० सेकंदांचा समजून कमी करणारे प्रशासक मी पाहिले आहेत. ओरॅकलच्या जुन्या सूचनांमध्ये ‘नोइंटर’ हा पर्यायही दिसेल. कर्नल २.६.२५ पासून लिनक्स त्याकडे दुर्लक्ष करते, म्हणून तो असला काय आणि नसला काय, फरक पडत नाही. ‘ॲक्टिमिओ’ शून्य करण्याचा सल्ला मात्र विचार करून घ्या. एकच डेटाबेस अनेक नोडवरून उघडणाऱ्या ओरॅकल रॅकसाठी तो आवश्यक आहे, पण एका इन्स्टन्सच्या डेटाबेसवर तो फाइलींच्या गुणधर्मांची कॅश बंद पाडून विनाकारण नेटवर्कवर फेऱ्या वाढवतो. पर्याय एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) लिहिले म्हणजे लागू झाले असे मानू नका. क्लायंट आणि स्टोरेज यांच्यात काही मूल्ये वाटाघाटीने ठरतात, म्हणून माउंट झाल्यावर ‘एनएफएसस्टॅट’ ही आज्ञा ‘एम’ पर्यायासह चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते वाचा. पर्याय चुकले असतील तर ओरॅकल बहुतेक वेळा ओआरए-२७०५४ ही चूक दाखवून हटून बसते. त्या वेळी तपासणी टाळण्याची वाट शोधण्यापेक्षा माउंट सुधारणे केव्हाही चांगले.

आता स्टोरेजच्या बाजूचे ‘लिहिले’. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्लायंट डेटा पाठवतो आणि नंतर वेगळ्या कमिट आज्ञेने तो कायमस्वरूपी झाल्याची खात्री करून घेतो. तोपर्यंत तो डेटा क्लायंट स्वतःच्या मेमरीत राखून ठेवतो. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक खूणचिठ्ठी देतो. मधे सर्व्हर रीस्टार्ट झाला तर ती बदलते आणि क्लायंट तो डेटा पुन्हा पाठवतो. ही रचना चोख आहे, पण ती सर्व्हरच्या सचोटीवर उभी आहे. लिनक्सचेच मशीन एनएफएस सर्व्हर म्हणून वापरत असाल आणि एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या डिरेक्टरी वाटून देण्याच्या सेटिंगमध्ये, कोणी ‘असिंक’ लिहिले असेल, तर डेटा डिस्कवर जाण्याआधीच कमिट झाल्याचे उत्तर दिले जाते. क्लायंट निर्धास्तपणे आपली प्रत सोडून देतो, आणि त्या क्षणी सर्व्हरची वीज गेली तर डेटाबेसने ग्राहकाला पक्का सांगितलेला व्यवहार कुठेच उरत नाही. एक्स्पोर्टचा मूळ पर्याय आज ‘सिंक’ हाच आहे. तो वेगाच्या मोहात बदलला गेलेला नाही ना, हे स्वतः बघा. क्लायंटच्या माउंटमध्येही ‘सिंक’ नावाचा पर्याय असतो, पण तो वेगळा आहे आणि त्याची गरज नाही, कारण जिथे हवे तिथे डेटाबेस स्वतः एफसिंक करतो, म्हणजे डेटा कायमस्वरूपी लिहायला लावतो. बॅटरीने संरक्षित मेमरी असलेली व्यावसायिक स्टोरेज यंत्रे चटकन उत्तर देतात आणि तरी खोटे बोलत नाहीत. तुम्ही पैसे मुख्यतः त्यासाठीच मोजता.

एफसिंकबद्दल एक प्रकरण पोस्टग्रेस चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांच्या लक्षात आले की लिनक्सवर एफसिंक अयशस्वी झाल्यावर कर्नल मेमरीतली ती पाने स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली, समजत असे. त्यामुळे डेटाबेसने पुन्हा एफसिंक केले की ते यशस्वी असल्याचे उत्तर मिळे, आणि प्रत्यक्षात डेटा डिस्कवर गेलेलाच नसे. चेकपॉइंट (साचलेले बदल डेटा फाइलींत उतरवण्याचा टप्पा) पूर्ण झाला असे मानून डेटाबेस जुना वॉल (बदल आधी नोंदवणारा लॉग) सोडून देई, म्हणजे दुरुस्तीचा शेवटचा मार्गही बंद होई. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२, १०.७ आणि त्यांच्या सोबतच्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता मुद्दाम कोसळते आणि वॉलमधून सावरते. एनएफएसवर याला जास्त महत्त्व आहे, कारण व्हॉल्यूममधली जागा संपल्याची बातमी लिहितानाच कळेल असे नाही. ती पुष्कळदा एफसिंकच्या वेळी कळते. म्हणून ‘डेटा सिंक रिट्राय’ हा पॅरामीटर बंदच राहू द्या, आणि स्टोरेजवर जागा थिन पद्धतीने (लागेल तशी सामाईक साठ्यातून, म्हणजे पूलमधून, देण्याच्या पद्धतीने) वाटलेली असेल तर व्हॉल्यूमइतकेच लक्ष त्याच्या खालच्या पूलवर ठेवा.

तिसरा धोका आहे एकच डेटा दोन मशीनवरून उघडला जाण्याचा. तुम्हाला हवी असलेली सोय, म्हणजे दुसऱ्या मशीनवर डेटाबेस चटकन उभा करणे, तीच हा धोका घेऊन येते. ओरॅकल आपल्या फाइलींवर लॉक घेते. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत हे लॉक वेगळ्या सेवेमार्फत स्टोरेजकडे नोंदले जातात आणि मशीन अचानक मेले तर ते तिथेच पडून राहतात. दुसऱ्या मशीनवर डेटाबेस उघडताना मग ओआरए-२७०८६ येते. अशा वेळी ‘नोलॉक’ घालून पुढे जाण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो मानू नका. पहिले मशीन खरोखर बंद आहे याची वीजपुरवठ्याच्या पातळीवर खात्री करा आणि मग स्टोरेजवरून ते लॉक काढा. चौथ्या आवृत्तीत लॉक मुदतीवर दिलेले असल्याने ते आपोआप सुटतात. पोस्टग्रेसची स्थिती अधिक नाजूक आहे: त्याची पीआयडी फाइल आणि शेअर्ड मेमरीची तपासणी त्याच मशीनपुरती असते, दुसऱ्या मशीनवर कोणी तोच डेटा उघडला आहे हे तिला दिसत नाही. म्हणून पेसमेकरसारखे क्लस्टर सॉफ्टवेअर वापरत असाल तर फेन्सिंगशिवाय, म्हणजे जुने मशीन सक्तीने बंद पाडण्याच्या सोयीशिवाय, ते चालू करू नका.

याच संदर्भात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी थेट माउंट पॉइंटवर ठेवू नका. त्याच्या आत एक उपडिरेक्टरी करून ती वापरा. माउंटमध्ये ‘बीजी’ पर्याय असेल तर स्टोरेज उशिरा जागे झाले तरी लिनक्स बूट पुढे जाते. त्या वेळी सुरुवातीच्या स्क्रिप्टला रिकामा माउंट पॉइंट दिसतो, ती तिथे नवा कोरा डेटाबेस तयार करते, आणि काही क्षणांनी त्याच जागेवर खरा माउंट येऊन बसतो. यातून सावरणे फार कष्टाचे असते. उपडिरेक्टरी असेल तर ती सापडत नाही म्हणून डेटाबेस सुरूच होत नाही, आणि आपल्याला तेच हवे आहे. शिवाय सिस्टमडीच्या सेवेत त्या माउंटवर अवलंबून असल्याची अट घाला.

आता वेग. नेटवर्क स्टोरेजवर बँडविड्थ क्वचित आड येते. आड येतो तो प्रत्येक फेरीला लागणारा वेळ. हिशोब करून पाहा. एखादे काम १० लाख ओळी एकेक करून घालते आणि प्रत्येक ओळीनंतर कमिट करते, म्हणजे व्यवहार पक्का करते. लॉग लिहून उत्तर येण्यास ०.१ मिलिसेकंद लागत असेल तर नुसत्या कमिटची वाट पाहण्यात १०० सेकंद जातात. १ मिलिसेकंद लागत असेल तर १,००० सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटे. स्टोरेज तेवढेच ताकदवान आहे, नेटवर्कही मोकळे आहे, पण एकाच सत्राला एका कमिटनंतरच दुसरा करता येतो. त्यामुळे स्थलांतरानंतर रात्रीचे बॅच काम लांबले तर आधी विकासकांना किती ओळींनंतर कमिट करता हे विचारा. तेच काम हजार ओळींच्या गटांनी केले तर हा फरक दिसेनासा होतो. अनेक सत्रे एकाच वेळी चालवणाऱ्या दिवसाच्या कामाला याचा जाच खूप कमी होतो, कारण त्यांचे कमिट एकत्र लिहिले जातात.

वेळ नेमका कुठे जातो हे ‘एनएफएसआयओस्टॅट’ दाखवते. त्यात प्रत्येक माउंटसाठी दोन सरासरी असतात: मागणी तारेवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, आणि क्लायंटमध्ये मागणी तयार झाल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतचा वेळ. समजा पहिला आकडा ०.६ मिलिसेकंद आहे आणि दुसरा ९. याचा अर्थ स्टोरेज आणि नेटवर्क आपले काम उत्तम करत आहेत आणि मागण्या तुमच्याच लिनक्स मशीनमध्ये रांगेत उभ्या आहेत. इथे स्टोरेजच्या टीमला दोष देऊन काही साधत नाही. रांग होण्याचे नेहमीचे कारण असे की एका माउंटची सगळी वाहतूक एकाच टीसीपी जोडणीवरून जाते, आणि एका जोडणीवर एका वेळी ठरावीकच मागण्या बाहेर राहू शकतात. कर्नल ५.३ पासून ‘एनकनेक्ट’ पर्यायाने एका माउंटसाठी १६ पर्यंत जोडण्या घेता येतात. चार किंवा आठपासून सुरुवात करा. ओरॅकलसाठी याहून चांगला उपाय ११जी आवृत्तीपासून उपलब्ध आहे, तो म्हणजे डायरेक्ट एनएफएस. यात डेटाबेस कर्नलचा एनएफएस क्लायंट बाजूला ठेवून स्वतः स्टोरेजशी बोलतो, अनेक जोडण्या उघडतो आणि एका स्टोरेजकडे चार नेटवर्क मार्गांपर्यंत भार वाटतो. तो चालू केल्यावर ‘व्ही डॉलर डीएनएफएस सर्व्हर्स’ या व्ह्यूमध्ये ओळी दिसतात का ते तपासा. तो व्ह्यू रिकामा असेल तर डेटाबेस गुपचूप जुन्याच मार्गाने चालला आहे.

दोन्ही आकडे मोठे असतील तर मात्र खरोखर नेटवर्ककडे किंवा स्टोरेजकडे वळा. स्टोरेजची वाहतूक वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र भागावर) ठेवा. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटे) वापरत असाल तर ९,००० चा एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी) मशीन, प्रत्येक स्विच आणि स्टोरेज या सर्वांवर सारखा हवा. तुकडे न करण्याच्या अटीसह ८,९७२ बाइटचा पिंग जातो का, ही याची सोपी चाचणी आहे; उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या शीर्षकांचे असतात. एखाद्या स्विचवर हे चुकले असेल तर लक्षण विचित्र दिसते: डिरेक्टरीची यादी झटकन येते आणि मोठी फाइल वाचायला घेतली की सगळे थिजते. दोन पोर्ट एकत्र जोडून बॉण्ड केला म्हणून एका टीसीपी जोडणीचा वेग दुप्पट होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मेमरीचा भाग इथे विषयांतर वाटेल, पण स्टोरेज मंद आहे अशा तक्रारींमागे मेमरी असल्याचे मला अनेकदा आढळले आहे. ओरॅकलचा एसजीए (त्याच्या सर्व प्रक्रियांची सामाईक मेमरी) ६४ जीबी आहे असे धरा. लिनक्सचे पान ४ केबीचे, म्हणजे १,६७,७७,२१६ पाने. प्रत्येक पानाची नोंद ८ बाइटची, म्हणजे संपूर्ण एसजीएला हात लावणाऱ्या एका प्रक्रियेमागे १२८ एमबीचा पेज टेबल, म्हणजे या नोंदींचा तक्ता. अशा ५०० प्रक्रिया असतील तर नुसत्या नोंदींतच ६२.५ जीबी जातात, जवळजवळ आणखी एका एसजीएएवढे. मग मशीन स्वॅपला लागते, म्हणजे मेमरीतली पाने डिस्कवर हलवू लागते, सगळीच लेखने रेंगाळतात आणि बोट स्टोरेजकडे दाखवले जाते. २ एमबीची मोठी पाने, म्हणजे ह्यूजपेजेस, वापरली तर तोच पेज टेबल प्रक्रियेमागे २५६ केबीचा होतो. त्यासाठी ३२,७६८ पेक्षा थोडी जास्त ह्यूजपेजेस राखून ठेवा, ‘यूज लार्ज पेजेस’ला ‘ओन्ली’ हे मूल्य द्या म्हणजे ती पुरेशी नसताना डेटाबेस सुरूच होणार नाही, आणि ‘मेमरी टार्गेट’ वापरू नका, कारण ते ह्यूजपेजेससोबत चालत नाही. ट्रान्सपरंट ह्यूजपेजेस (कर्नलने आपोआप केलेली मोठी पाने) ही वेगळी गोष्ट आहे आणि ओरॅकलसाठी ती बंद ठेवावी.

ओरॅकलला ‘फाइलसिस्टमआयओ ऑप्शन्स’ हा पॅरामीटर ‘सेटऑल’ करून कर्नलची कॅश टाळता येते. पोस्टग्रेस मात्र त्या कॅशवर विसंबून असते, त्यामुळे मोठी मेमरी असलेल्या मशीनवर न लिहिलेल्या पानांचा ढीग साचतो आणि चेकपॉइंटच्या वेळी तो एकदम नेटवर्कवर कोसळतो. पार्श्वभूमीत लेखन कधी सुरू करायचे हे ठरवणाऱ्या ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’ची १० टक्क्यांची मूळ मर्यादा २५६ जीबीच्या मशीनवर फार मोठी ठरते. त्याऐवजी ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ काही शे एमबीवर ठेवा, म्हणजे लेखन सतत आणि थोडे थोडे होत राहील.

एनएफएसऐवजी आयस्कझी किंवा फायबर चॅनल (फाइलींऐवजी डिस्कच नेटवर्कवरून देणाऱ्या पद्धती) घ्यावे का, हेही तुम्ही विचारले आहे. तुमच्याकडे ते सांभाळणारी टीम आधीपासून असेल तर जरूर घ्या. नसेल तर एनएफएस चालवायला सोपे आहे आणि डेटाबेससाठी कमी दर्जाचे नाही. मुख्य प्रश्न मात्र तिथेही तोच राहतो. सर्व मार्ग तुटल्यावर मल्टिपाथने (स्टोरेजकडचे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेने) मागण्या रांगेत धरून ठेवायच्या की लगेच चूक परत करायची, हे तिथल्या ‘नो पाथ रिट्राय’ने ठरते. मल्टिपाथखालच्या आयस्कझीमध्ये एका मार्गाच्या मृत्यूची वाट पाहण्याचा १२० सेकंदांचा मूळ कालावधी मात्र कमी करावा लागतो, नाहीतर दुसरा मार्ग शाबूत असूनही डेटाबेस तेवढा वेळ अडकून राहतो.

स्नॅपशॉट, म्हणजे डेटाचे एका क्षणीचे चित्र, हा सामाईक स्टोरेजचा मोठा फायदा आहे, पण डेटा आणि लॉग वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा. स्टोरेज तशी हमी देत नसेल तर ओरॅकल बॅकअप मोडमध्ये नेऊन आणि पोस्टग्रेसची बॅकअप सुरू-समाप्तीची फंक्शन्स वापरूनच स्नॅपशॉट घ्या. त्याच यंत्रावर ठेवलेल्या स्नॅपशॉटला बॅकअप मानू नका.

प्रत्यक्ष स्थलांतरापूर्वी एक चाचणी अवश्य करा. चाचणीच्या डेटाबेसमध्ये एका तक्त्यात १, २, ३ असे क्रमांक घालणारा छोटा प्रोग्राम तिसऱ्याच मशीनवरून चालवा. प्रत्येक क्रमांकानंतर कमिट करावे, आणि कमिट यशस्वी झाल्याचे उत्तर आल्यावरच तो क्रमांक त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर लिहून ठेवावा. तो चालू असताना स्विचवरचा स्टोरेजचा पोर्ट पाच मिनिटे बंद करा. प्रोग्राम थांबला पाहिजे, त्याला चूक मिळता कामा नये, आणि पोर्ट उघडल्यावर तो स्वतःहून पुढे गेला पाहिजे. दुसऱ्या वेळी डेटाबेस मशीनची वीज तोडा आणि तिसऱ्या वेळी, शक्य असेल तर, स्टोरेजचा एक कंट्रोलर बंद करा. प्रत्येक वेळी डेटाबेस सावरल्यावर तक्ता आणि नोंदवही ताडून पाहा. तक्त्यात नोंदवहीपेक्षा एखादा शेवटचा क्रमांक जास्त असला तर हरकत नाही. कमिट झाले आणि उत्तर वाटेत हरवले, इतकाच त्याचा अर्थ. नोंदवहीत असलेला एक जरी क्रमांक तक्त्यात सापडला नाही तर स्थलांतर थांबवा आणि एक्स्पोर्टचे पर्याय, स्टोरेजच्या राइट कॅशची बॅटरी आणि डेटाबेसमधले एफसिंकशी संबंधित पॅरामीटर याच क्रमाने तपासायला घ्या.